एक फाटक आणि अनेक खाती



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'सिंगल साइन-ऑन आणि ऑथेंटिकेशन प्रॉक्सी' असे सांगितले. ते गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनी मोठ्या सभ्यतेने विचारले, "यंदा किमान वेतनावर बोलायचं नाही का?" किमान वेतनावर मी वर्षातले तीनशे दिवस बोलत असतो. वसंत ऋतूतील एक संध्याकाळ दुसऱ्या विषयाला द्यावी असे मला वाटले. शिवाय हा विषय वेतनापासून वाटतो तितका दूर नाही. मजुरी आता बँकेच्या खात्यातून हातात पडते, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज संकेतस्थळावर भरावा लागतो, आणि हयातीचा दाखला संगणकाने मान्य केला म्हणजे पेन्शन पुढे चालू राहते. या प्रत्येक ठिकाणी पैशाच्या आधी एक प्रश्न उभा असतो : तू कोण? त्या प्रश्नाचे उत्तर कोणी तपासावे, कोठे तपासावे आणि तपासणाऱ्याला कोणी विचारावे, एवढाच आजचा विषय आहे.

आरंभी 'खाते' या शब्दाबद्दल दोन वाक्ये बोलतो. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे या गावात खाते म्हणजे गिरणीचा विभाग होता. कताईचे खाते, विणाईचे खाते, रंगाईचे खाते. आजच्या मुलांना खाते म्हटले की मोबाइलवर नाव आणि पासवर्ड टाकून जे उघडते ते आठवते. शब्द एकच राहिला, ही माझ्या दृष्टीने सोय झाली आहे; कारण मला जे समजावून सांगावयाचे आहे ते गिरणीवरूनच उत्तम सांगता येते.

गिरणीला खाती अनेक असत, परंतु फाटक एक असे. भोंगा झाला की कामगार फाटकावर बिल्ला दाखवी, टाइमकीपरच्या वहीत त्याची हजेरी लागे, आणि मग विणाईच्या खात्यात शिरताना त्याला कोणी पुन्हा 'तू कोण' असे विचारीत नसे. फाटकाने विचारले आहे, हे खाते गृहीत धरी. आता अशी एखादी गिरणी कल्पनेने उभी करा की जिला फाटकच नाही. प्रत्येक खात्याच्या दाराशी वेगळा पहारेकरी, प्रत्येकाचा वेगळा बिल्ला, आणि प्रत्येकाची अट अशी की माझा बिल्ला दर तीन महिन्यांनी बदलला पाहिजे. कामगार गळ्यात नऊ बिल्ल्यांची माळ घालून हिंडू लागेल, आणि चौथ्या दिवशी ती माळ घरी खुंटीला टांगून शेजाऱ्याचा बिल्ला मागू लागेल. पासवर्डाच्या बाबतीत आपली आज हीच अवस्था आहे. विडी वळणाऱ्या एका बाईला भविष्यनिर्वाह निधीचे एक खाते, ई-श्रमचे दुसरे, डिजिलॉकरचे तिसरे, 'आपले सरकार'चे चौथे, बँकेचे पाचवे. तिने पासवर्ड भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले तर तिला हसू नये. तिच्या जागी कोणताही शहाणा माणूस हेच करील.

पासवर्ड ही वस्तू कोठून आली तेही ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ साली एकाच संगणकावर अनेकांना आळीपाळीने काम करता यावे अशी व्यवस्था करण्यात आली. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिला. तेथे अ‍ॅलन शेर नावाचा एक संशोधक विद्यार्थी होता. त्याला आठवड्याला संगणकाचे चार तास मंजूर होते आणि ते त्याला पुरत नसत. १९६२ साली त्याने काय केले, तर सर्वांच्या पासवर्डांची यादीच संगणकाकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम करू लागला. पासवर्डाचा जन्म झाला आणि वर्षभरात त्याची चोरीही झाली. चोरीचे कारण कामाचे तास अपुरे असणे हे होते, याची नोंद कामगार चळवळीतल्या माणसाने घेतलीच पाहिजे!

त्याच संस्थेत १९८३ साली अथेना नावाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. हजारो विद्यार्थी, शेकडो यंत्रे, आणि प्रत्येक यंत्राला पासवर्ड सांगत बसणे अशक्य. तेव्हा त्यांनी अशी योजना काढली की माणसाने आपली ओळख एकाच ठिकाणी पटवावी, तेथून त्याला ठरावीक मुदतीचे तिकीट मिळावे, आणि पुढे प्रत्येक दारी तिकीट दाखवावे. या व्यवस्थेला त्यांनी केर्बेरॉस हे नाव दिले. ग्रीक पुराणातील मृत्युलोकाच्या दारावरचा तो तीन तोंडांचा कुत्रा. आपल्याकडे ऋग्वेदात यमाच्या वाटेवर दोन कुत्रे आहेत आणि त्यांना प्रत्येकी चार डोळे आहेत. पहारा म्हटला की माणसाला कुत्रा आठवतो, हे सर्व देशांत सारखेच दिसते. असो. सिंगल साइन-ऑन म्हणजे एवढेच : ओळख एकदा पटवावी आणि अनेक दारांनी ती मानावी.

आता प्रॉक्सी. येथे मी आमच्या संघटनेच्या कार्यालयाचे उदाहरण देतो, कारण ते मी जवळून पाहिले आहे. आमच्या सभासदांची नोंदवही काही वर्षांपूर्वी एका विणकराच्या मुलाने संगणकावर उतरवून दिली. नाव, कारखाना, वर्गणी, चालू असलेली तक्रार, सारे त्यात आहे. ते छोटेसे संकेतस्थळ कार्यालयातील एकाच यंत्रावर चालत असे आणि रात्री कार्यालयाला कुलूप लागत असे, त्यामुळे त्याला स्वतःचे कुलूप लागत नव्हते. पुढे विडी घरकुल, नीलम नगर आणि अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतले कार्यकर्ते म्हणू लागले की, ही वही आम्हांला आमच्या ठिकाणाहून पाहता आली पाहिजे. मागणी रास्त होती. परंतु सभासदांची यादी म्हणजे काय, हे संघटनेत काम केलेल्यालाच कळते. कोणी वर्गणी भरली, कोणी तक्रार गुदरली, कोण साक्षीला उभा राहणार आहे, हे ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती माणसांची पोटे पडतात. यंत्रमागाच्या एखाद्या शेडमध्ये सोमवारी कोणाला 'काम नाही' म्हणून परत पाठवायचे ते त्या यादीवरून ठरू शकते. अशी वही उघड्या रस्त्यावर ठेवता येत नाही.

तेव्हा त्या संकेतस्थळाला दरवाजा बसवावयाचा होता. पण ते लिहिणारा मुलगा पुण्याला नोकरीस गेलेला. दुसऱ्याने लिहिलेल्या यंत्रणेच्या पोटात हात घालणे म्हणजे दुसऱ्याने लावलेल्या मागाची जुळणी अंधारात सोडविणे. ज्याने केले आहे त्याला विचारा. अशा वेळी आतल्या यंत्रणेला हात न लावता तिच्यापुढे एक फाटक उभारावयाचे, यालाच ऑथेंटिकेशन प्रॉक्सी म्हणतात. हे साधन फुकट मिळते. ओऑथ-टू-प्रॉक्सी नावाचे एक आहे, ते मूळ बिटली नावाच्या अमेरिकन कंपनीत तयार झाले आणि तिने ते सर्वांना मोकळे करून दिले. ओळख सांभाळणारे जे मुख्य कार्यालय लागते, त्यासाठी कीक्लोक नावाची यंत्रणा आहे. रेड हॅट कंपनीने ती २०१४ साली अशीच मोकळी केली. संघटनेला परवान्याचा एक पैसा द्यावा लागत नाही. भाड्याचे यंत्र आणि जाणत्या माणसाचे काही रविवार एवढाच खर्च.

फाटकावर घडते काय, ते सावकाश सांगतो. नीलम नगरातील आमची कार्यकर्ती आपल्या मोबाइलवर वहीचा पत्ता टाकते. ती वहीपर्यंत पोहोचत नाही. तिला फाटक अडविते. फाटक विचारते, तुझ्याजवळ आजची चिठ्ठी आहे काय? नसेल तर ते तिला ओळख-कार्यालयाकडे पाठविते. तेथे ती आपला पासवर्ड देते, मोबाइलवर आलेला आकडा देते. ओळख-कार्यालय तिला एक अल्पायुषी चिठ्ठी देऊन फाटकाकडे परत पाठविते. आता यातली खुबी पाहा. तिने आणलेल्या चिठ्ठीवर फाटक विश्वास ठेवीत नाही. ते स्वतः मागच्या रस्त्याने ओळख-कार्यालयाशी बोलते, आपली स्वतःची खूण पटविते, ती चिठ्ठी मोडून तिच्या बदल्यात सहीशिक्क्याचा कागद घेते, सही तपासते, मुदत तपासते, आणि मग तिला आत सोडते. आत सोडताना तिच्या मागणीच्या कपाळावर तिचे नाव लिहिते. वही ते नाव वाचते आणि पान उघडते. पुढच्या पानासाठी हा सारा खटाटोप होत नाही. फाटकाने तिच्या मोबाइलमध्ये ठेवलेली मोहोरबंद खूण पुरते. उद्या वर्गणीच्या पावत्यांचे दुसरे संकेतस्थळ त्याच फाटकामागे आणून बसविले तर तिला पुन्हा पासवर्ड विचारला जाणार नाही. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिचा पासवर्ड वहीच्या यंत्रणेपर्यंत कधी पोहोचतच नाही. वही फुटली तरी पासवर्ड फुटत नाही.

हे ऐकून पुष्कळांना वाटते की फाटक बसले म्हणजे काम झाले. गिरणीत काम केलेल्या म्हाताऱ्यांना विचारा. फाटकावर कितीही कडक पहारेकरी असला तरी मागच्या कुंपणाला भगदाड असेल तर उपयोग काय? आतली वही फाटकाने कपाळावर लिहिलेल्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवते. म्हणजे जो कोणी फाटक चुकवून सरळ वहीच्या दाराशी जाईल, तो स्वतःच्याच हाताने कपाळावर अध्यक्षाचे नाव लिहून आत बसेल. म्हणून दोन गोष्टी कराव्याच लागतात. वहीचे दार फाटकाखेरीज दुसऱ्या कोणालाही ऐकू जाणार नाही असे बंद करावे लागते. आणि बाहेरून येणाऱ्याने आधीच कपाळावर काही लिहून आणले असेल तर ते फाटकाने प्रथम पुसावे लागते, मग स्वतः लिहावे लागते. हे दुसरे काम पुष्कळ ठिकाणी राहून जाते. आमच्या मुलांनी ते केले की नाही याची परीक्षा आम्ही अशी घेतली : एकाला सांगितले, तू खोटे नाव लिहून आत शिरून दाखव, चहा माझ्याकडून. त्याने दोन संध्याकाळी प्रयत्न केला. चहा शेवटी मी सर्वांनाच पाजला.

फाटक 'कोण' हे सांगते. 'काय करू द्यावयाचे' हे खात्याने ठरवावयाचे असते. टाइमकीपर म्हणे, हा अमुक क्रमांकाचा कामगार आहे. त्याला कोणत्या मागावर उभे करावयाचे ते विणाई खाते पाही. आमच्या वहीतही नीलम नगरच्या कार्यकर्तीला नीलम नगरचीच पाने दिसतात, तक्रारींची पाने फक्त तक्रार पाहणाऱ्या तिघांना. फाटकावर गट लिहून येतो, निर्णय आत होतो. ओळख पटणे आणि अधिकार असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हे संगणकवाल्यांना माहीत असते, पण सरकारी कचेऱ्यांत त्यांची सरमिसळ होते आणि तिचे परिणाम आपण भोगतो. त्याकडे मी आता वळतो.

गिरणीत टाइमकीपर होता, तसा जॉबरही होता. टाइमकीपर तुमच्याविषयी साक्ष देई. जॉबर तुमच्या वतीने सारे काही ठरवी आणि त्याचे पैसे घेई. नोकरी लावणे, बदलीवर घेणे, काढणे सारे त्याच्या हाती. १९३१ सालच्या रॉयल कमिशनच्या अहवालाने कामगारभरतीतून जॉबरला दूर करा अशी शिफारस केली आणि मुंबईच्या गिरण्यांत १९३५ साली बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली, ती याच रोगावर उपाय म्हणून. आता हा जॉबर दुसऱ्या रूपाने परत आला आहे असे मी म्हटले तर आपण चकित होऊ नये. गल्लीच्या तोंडाशी संगणक घेऊन बसलेला जो पोरगा आहे, त्याच्या वहीत दोनशे बायांचे पासवर्ड लिहिलेले असतात. तो त्यांचे नाव घेऊन आत शिरतो. पुष्कळदा तो भला असतो, पाच-पन्नास रुपयांत काम करून देतो, आणि तो नसता तर त्या बाईचा अर्ज भरलाच गेला नसता. मी त्याच्यावर रागावलेलो नाही. मी त्या व्यवस्थेवर रागावलो आहे, जिने बाईला तिचा पासवर्ड त्याच्या स्वाधीन केल्यावाचून दुसरा मार्ग ठेवला नाही.

मोठमोठ्या कंपन्यांचीही एके काळी हीच रीत होती, हे कळल्यावर मला जरा समाधान वाटले. एक संकेतस्थळ तुम्हांला म्हणे, तुमच्या दुसऱ्या ठिकाणच्या पत्रपेटीचा पासवर्ड आम्हांला द्या, म्हणजे तुमचे मित्र आम्ही शोधून देऊ. लोक देत. म्हणजे बँकेत स्लिप भरून देण्याऐवजी तिजोरीची किल्लीच मित्राच्या हाती दिली. यावर उपाय म्हणून २००७ साली ओऑथ नावाचा करार तयार झाला, २०१२ साली त्याची दुसरी आवृत्ती आली, आणि २०१४ साली त्यावर ओळखीचा थर चढवून ओपनआयडी कनेक्ट आले. मघाशी मी फाटकाचे जे वर्णन केले ते याच करारावर चालते. त्यातला मुद्दा असा की दुसऱ्याला किल्ली द्यावयाची नाही. अमुक एवढ्याच कामापुरती, अमुक मुदतीपुरती, केव्हाही परत घेता येईल अशी परवानगी द्यावयाची. कंपन्यांनी आपापसांतला व्यवहार असा सुधारून घेतला. विडी कामगार बाई आणि गल्लीतला संगणकवाला यांच्यातला व्यवहार मात्र अजून तिजोरीच्या किल्लीवरच चालला आहे. अर्ज भरणाऱ्याला एका अर्जापुरते मुखत्यारपत्र देता यावे, आणि काम झाल्यावर ते आपोआप रद्द व्हावे, अशी सोय प्रत्येक सरकारी संकेतस्थळावर का असू नये? यात तंत्राची अडचण नाही. तंत्र अस्तित्वात आहे. ते मागणारा कोणी नव्हता.

सरकारने एक फाटक उभारले आहे, हे सांगितलेच पाहिजे. ४ जुलै २०२२ रोजी गांधीनगर येथे पंतप्रधानांच्या हस्ते 'मेरी पहचान' या राष्ट्रीय सिंगल साइन-ऑन सेवेचे उद्घाटन झाले. डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जन परिचय या तीन ओळख-व्यवस्था तिच्यात जोडलेल्या आहेत. त्यांपैकी एकीची ओळख घेऊन अनेक सरकारी सेवांच्या दारी जाता येते. त्याआधी २०१४ साली भविष्यनिर्वाह निधीत यूएएन हा एकच क्रमांक आला, म्हणजे चार कारखान्यांतली चार खाती एका माणसाशी जोडली गेली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम आले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच ठिकाणी अनेक योजना एकत्र दाखविण्याची सोय झाली. एक फाटक करण्याची ही दिशा मला मान्य आहे. नऊ बिल्ल्यांची माळ कोणालाच नको. परंतु फाटक एक झाले म्हणजे फाटकावर अडणारा माणूस सगळ्याच खात्यांना मुकतो, ही दुसरी बाजू उद्घाटनाच्या भाषणात येत नाही.

आमच्या एका सभासद भगिनीचे सांगतो. तिने आयुष्यभर विड्या वळल्या. मुलीच्या लग्नासाठी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढावयाचे होते. अर्ज भरला, आणि संकेतस्थळ म्हणाले, मोबाइलवर आकडा पाठविला आहे तो टाका. आकडा आलाच नाही. चौकशी केली तेव्हा कळले की तिच्या खात्याला जो मोबाइल क्रमांक जोडला होता तो एका जुन्या ठेकेदाराच्या कारकुनाचा होता. त्याने शेकडो बायांच्या खात्याला आपलाच क्रमांक लावून ठेवला होता, आणि तो गाव सोडून गेला होता. तिला सांगण्यात आले, अंगठा लावा. तेंदूपत्ता आणि कात्री यांच्याशी वर्षानुवर्षे झुंजलेली बोटे, रेषा झिजलेल्या. यंत्राने अंगठा ओळखला नाही. बाई समोर उभी आहे, तिला साऱ्या गल्लीने ओळखले आहे, कारखान्याच्या जुन्या कार्डावर तिचे नाव आहे, आणि फाटक म्हणते, तू तू नाहीस. सात महिने आम्ही कागद घेऊन हिंडलो. लग्न तोपर्यंत सावकाराच्या पैशाने झाले. पुढे तिचे पैसे मिळाले. त्यातला मोठा हिस्सा सावकाराच्या व्याजात गेला.

येथे ओळख आणि हक्क यांची सरमिसळ झाली. तिचा हक्क कोणी नाकारला नव्हता. फक्त तिची ओळख पटली नव्हती. परंतु ओळख पटविण्याचा दुसरा मार्गच ठेवलेला नसेल तर हक्क आहे म्हणण्याला अर्थ किती? सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार प्रकरणातील निकालात, ओळख-तपासणी फसली एवढ्यावरून पात्र माणसाला लाभ नाकारला जाऊ नये, ही गोष्ट नोंदविली आहे. आता चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोयही पुष्कळ ठिकाणी आली आहे आणि झिजलेल्या बोटांना तिचा उपयोग होतो, हे मी आनंदाने सांगतो. तरीही माझे म्हणणे असे की प्रत्येक फाटकाला एक खिडकी पाहिजे आणि खिडकीत माणूस पाहिजे. त्या माणसाला कागद पाहून निर्णय देण्याचा अधिकार पाहिजे, निर्णयाला दिवसांची मुदत पाहिजे, आणि नकार दिला तर तो लेखी पाहिजे. संगणकाच्या व्यवसायातले लोक स्वतःसाठी अशी सोय न चुकता करून ठेवतात. ओळख-कार्यालय बंद पडले तर आत शिरण्यासाठी एक संकटकाळची किल्ली ते मोहोरबंद करून ठेवतात, आणि ती वापरली की वहीत नोंद होते. आमच्या कार्यालयातही तशी किल्ली लखोट्यात बंद आहे. लखोट्यावर दोघांच्या सह्या. जी सोय यंत्रचालकाला आवश्यक वाटते ती विडी कामगाराला आवश्यक वाटू नये काय?

आणखी एक गोष्ट, जी सोलापुराने इतर गावांहून लवकर ओळखावी. फाटकावर वही असते. कोण केव्हा आले, कोणत्या खात्यात गेले, हे सारे त्या वहीत उमटते. ओळख-कार्यालय एकच असेल तर मी सकाळी रुग्णालयाच्या दारी गेलो, दुपारी कामगार कचेरीच्या दारी गेलो, संध्याकाळी कर्जाच्या दारी गेलो, हे त्या एका ठिकाणी दिसते. ज्या गावात सेटलमेंट नावाची वस्ती आजही आहे, त्या गावाला हजेरीच्या वहीचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले त्यांतील माणसांना येथे तारेच्या कुंपणात ठेवले, हजेरी लावली, बाहेर पडण्यास पास लावला. त्यांतले कितीतरी गिरण्यांत कामाला जात. १९५२ साली देशभर तो कायदा रद्द झाला. आजचे फाटक म्हणजे ते कुंपण, असे मी मुळीच म्हणत नाही. तशी तुलना करणे त्या माणसांच्या दुःखाशी प्रतारणा होईल. मी एवढेच म्हणतो की वही ठेवणाऱ्याला विचारण्याचा अधिकार ज्यांची नावे वहीत आहेत त्यांना असला पाहिजे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. ज्या कामासाठी माहिती घेतली त्यापुरतीच ती वापरावी, हे तत्त्व त्यात आहे. त्याच कायद्यात सरकारी यंत्रणांना सवलतीही आहेत, आणि त्या वाचताना संघटनांनी चष्मा पुसून घ्यावा. आमच्या फाटकाच्या वहीतील नोंदी आम्ही तीस दिवसांनी पुसतो. वर्गणीदाराने कितीदा पान उघडले याच्याशी संघटनेला काय करावयाचे आहे?

बाहेर पडण्याविषयी बोलावयाचे राहिले. आत शिरताना सारे जागरूक असतात, बाहेर पडताना कोणी नसते. एका फाटकातून शिरून तीन खात्यांत फिरलात, मग एका खात्यात 'बाहेर' असे बटण दाबलेत; बाकीची दोन खाती उघडीच राहू शकतात, आणि फाटकाची खूणही मोबाइलमध्ये तशीच असू शकते. मोबाइल मुलाच्या हाती, दुसऱ्याच्या दुकानातला संगणक, सार्वजनिक केंद्र, या ठिकाणी हा धोका खरा आहे. उपाय दोन. फाटकाची खूण थोड्या मुदतीची ठेवणे, म्हणजे विसरले तरी काही तासांनी ती आपोआप मरते. आणि ओळख-कार्यालयातूनच बाहेर पडण्याची सवय लावणे. कार्यकर्ता संघटना सोडून गेला की त्याचे नाव त्याच दिवशी एका ठिकाणी खोडता येते, हा सिंगल साइन-ऑनचा मोठा फायदा. पूर्वी तीन ठिकाणी खोडावे लागले असते आणि त्यांतले एखादे राहून गेले असते. मात्र नाव खोडले तरी आधी दिलेली खूण मुदत संपेपर्यंत चालते, म्हणून मुदत आखूड हवी. आम्ही आठ तासांची ठेवली आहे, एक पाळी.

वेळ संपत आली, अध्यक्षमहाशय घड्याळाकडे पाहात आहेत. शेवटी एक सूचना देऊन बसतो. येत्या सोमवारपासून आठवडाभर आमच्या कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळात दोन मुले बसणार आहेत. आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याला, आधारला आणि बँकेला कोणता मोबाइल क्रमांक जोडला आहे हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी यावे. यूएएन क्रमांक, आधार आणि स्वतःचा मोबाइल बरोबर आणावा. पासवर्ड कोणालाही सांगू नये, त्या मुलांनाही नाही. तो तुमचा तुम्ही टाकावयाचा आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी घरातले एखादे शिकलेले मूल बरोबर आणावे. सभासद असण्याची अट नाही.